प्लगइन ‘ऑन’ करण्याआधीचा वाद

एलडॅप डिरेक्टरी म्हणजे संस्थेतली माणसं, त्यांचे ग्रुप आणि त्यांचे पासवर्ड यांची मध्यवर्ती यादी. मेल, व्हीपीएन, वायफाय, पगाराची प्रणाली असे सगळेच आल्यागेल्याची ओळख तिथे विचारून घेतात. यादी साठवणं आणि मागेल त्याला देणं हे सर्व्हरचं मूळ काम. त्यापलीकडे तो जे करतो ते बहुतांशी प्लगइनांकरवी. ३८९ डिरेक्टरी सर्व्हरमध्ये तर ही पद्धत टोकाला गेलेली दिसते. मूळ नेटस्केपचा हा सर्व्हर रेड हॅटने २००४ मध्ये एओएलकडून घेतला, २००५ मध्ये फेडोरा डिरेक्टरी सर्व्हर म्हणून खुला केला आणि २००९ मध्ये एलडॅपच्या पोर्ट क्रमांकावरून त्याला आजचं नाव मिळालं. त्यात कोणाला काय दिसावं हे ठरवणारं प्लगइन आहे, पासवर्ड कसा हॅश करायचा हे ठरवणारं प्लगइन आहे, दोन मजकूर सारखे मानायचे की वेगळे हेही एक प्लगइनच सांगतं. ही पायाची मंडळी पहिल्यापासून चालू असतात आणि शहाण्याने त्यांना हात लावू नये. वाद रंगतो तो ऐच्छिक प्लगइनांवर, म्हणजे डेटाबद्दलचे नियम सर्व्हरनेच पाळून घ्यावेत म्हणून जी चालू करता येतात त्यांच्यावर. पुढे त्या वादाच्या दोन बाजू समोरासमोर ठेवल्या आहेत. पूर्वपक्ष ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याचा, उत्तरपक्ष डिरेक्टरी सांभाळणाऱ्याचा. माझा कल उत्तरपक्षाकडे आहे हे लपवत नाही. पण पूर्वपक्षाचे दोन मुद्दे मान्य केल्याशिवाय उत्तरपक्षाला एक पाऊलही पुढे टाकता येत नाही, हेही तितकंच खरं.

पूर्वपक्ष : डिरेक्टरी मुकी असावी. दिलं ते ठेवावं, मागितलं ते द्यावं. नियमबियम आमच्यावर सोडा. तुमचं प्लगइन म्हणजे शेवटी बहुधा सी भाषेत लिहिलेली लायब्ररी, आणि ती मुख्य प्रोसेसच्या पोटातच चालते. तिच्यात एक पॉइंटर चुकला की अख्खा सर्व्हर बसतो आणि त्याच्यासोबत संस्थेतलं प्रत्येक लॉगइन. माझं ॲप्लिकेशन पडलं तर फक्त माझे वापरकर्ते ओरडतील. शिवाय प्लगइन चालू-बंद करायचं म्हणजे साधारणपणे सर्व्हर रीस्टार्ट करायचा. रीस्टार्टशिवाय ते करण्याची सोय आहे म्हणता, पण मुळात ती बंदच ठेवून पाठवलेली असते, ते काही उगाच नाही. आणि एकाच प्रकारची चार प्लगइनं असली की आधी कोण आणि नंतर कोण हे १ ते ९९ मधल्या एका आकड्यावर ठरणार. सांगितलं नाही तर सगळ्यांचा आकडा ५०. मी एका एंट्रीत एक बदल लिहिला आणि माझ्या पाठीमागे सर्व्हरने आणखी दहा एंट्र्या बदलल्या, हे मला कोणत्या कोडमध्ये वाचायला मिळणार? माझा नियम माझ्या कोडमध्ये असला तर तो दिसतो, त्याची चाचणी घेता येते, कोणी कधी बदलला हेही कळतं.

उत्तरपक्ष : प्रोसेसबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. ते लिहिणाऱ्यांनाही ठाऊक आहे. प्रत्येक एंट्रीला कायमचा क्रमांक देणारं एंट्रीयूयूआयडी हे नवं प्लगइन त्यांनी रस्ट भाषेत लिहिलं, ते काही हौस म्हणून नव्हे. पण तुमच्या सगळ्या म्हणण्याखाली एक गृहीतक दडलेलं आहे : डिरेक्टरीत लिहिणारे तुम्ही एकटेच आहात. तसं कुठेच नसतं. मनुष्यबळ विभागाची प्रणाली लिहिते, हेल्पडेस्कची स्क्रिप्ट लिहिते, मेलचा ॲडमिन लिहितो, आणि शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी टर्मिनल उघडून हाताने एलडिफ फाइल चढवतो. तुमच्या कोडमधला नियम तुमच्यापुरताच. आता एक एंट्री घ्या, यूआयडी ‘एसपाटील’. माणूस नोकरी सोडून गेला, मनुष्यबळ विभागाच्या प्रणालीने एंट्री पुसली. तिला माहीत असलेल्या दोन ग्रुपांतून नाव काढलंही. पण पगारपत्रक पाहण्याचा जो ग्रुप वित्त विभागाने स्वतः बनवला होता, त्याच्या ‘मेंबर’ ॲट्रिब्यूटमध्ये त्या एंट्रीचं पूर्ण नाव, म्हणजे डीएन, तसाच राहिला. खातेदार जाऊन वर्ष झालं तरी फेरफार न झाल्यामुळे सातबाऱ्यावर त्याचंच नाव दिसावं, तशी गत. एवढ्यावर थांबलं असतं तर ती निव्वळ अस्वच्छता झाली असती. पण सहा महिन्यांनी एस. पाटील याच नावाची दुसरी व्यक्ती रुजू होते, खातं उघडणाऱ्याला ‘एसपाटील’ मोकळं दिसतं, तो तेच देतो. डीएन अक्षर न् अक्षर तोच. नवी व्यक्ती पहिल्या दिवसापासून पगारपत्रकं पाहू शकते. कोणी परवानगी दिली नाही, कोणाच्या कोडमध्ये बग नाही, लॉगमध्येही वावगं काही नाही.

हे थांबवण्याची जागा एकच आहे : जिथून प्रत्येक लेखन जातं ती. रेफरेन्शियल इंटिग्रिटी प्लगइन नेमकं तिथे बसतं. एंट्री पुसली किंवा तिचं नाव बदललं की त्या डीएनचा उल्लेख जिथे जिथे असेल तिथून ते तो काढतं किंवा दुरुस्त करतं. त्याच्या अपडेट डिले या सेटिंगमध्ये शून्य असेल तर हे काम त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये होतं. साफसफाई फसली तर पुसणंही मागे घेतलं जातं. तिथे सेकंदांचा आकडा लिहिला तर बदल आधी एका फाइलीत नोंदवले जातात आणि मागाहून सवडीने लागू होतात. मग ट्रान्झॅक्शनचं संरक्षण गेलं. उणे एक लिहिलं तर प्लगइन चालू दिसतं आणि तपासत काहीच नाही. म्हणून मूळ शून्य आहे ते शून्यच राहू द्यावं असं माझं मत. डेटा पूर्ण खरा ठेवायचा असेल तर पुसण्याला लागणारा जास्तीचा वेळ सोसावा.

पूर्वपक्ष : थांबा, ‘चालू दिसतं आणि तपासत काहीच नाही’ हे तुम्हीच म्हणालात. माझा खरा आक्षेप तोच आहे. मूळ सेटिंगमध्ये ते प्लगइन मेंबर, युनिकमेंबर, ओनर आणि सी-ऑल्सो या चारच ॲट्रिब्यूटांकडे पाहतं. आमच्याकडे युनिक्सचे ग्रुप १९९८ च्या आरएफसी २३०७ प्रमाणे बनवलेले आहेत. त्यांच्या ‘मेंबरयूआयडी’मध्ये डीएन नसतोच, नुसतं ‘एसपाटील’ असतं. त्याला तुमचं प्लगइन स्पर्शही करणार नाही. तुमच्या गोष्टीतली नवी व्यक्ती त्या दाराने आत येईलच. मग ‘प्लगइन ऑन आहे’ या एका वाक्यावर विसंबून ऑडिटवाले, वरिष्ठ आणि मी असे सगळे निर्धास्त झोपणार, ही अवस्था नियम अजिबात नसण्यापेक्षा वाईट नाही का?

उत्तरपक्ष : वाईट आहे, मान्य. पण दोष कोणाचा? प्लगइनच्या सेटिंगला लोक दिव्याचं बटण समजतात, तिथे चूक होते. सेटिंग म्हणजे आपल्या डेटाबद्दल केलेलं विधान असतं : आमचे ग्रुप या या ॲट्रिब्यूटांतून सभासद दाखवतात. ते विधान खोटं असेल तर प्लगइन प्रामाणिकपणे चुकीचं काम करणार. मेंबरऑफचं उदाहरण याहून बोलकं आहे. ग्रुपमध्ये सभासदांची यादी असते, पण ‘हा माणूस कोणकोणत्या ग्रुपांत आहे’ हे त्याच्या एंट्रीत लिहिलेलं नसतं. हे प्लगइन ते उलट टोक लिहून ठेवतं. आता मूळ सेटिंगमध्ये ते फक्त ‘मेंबर’ पाहतं. नेटस्केपच्या काळापासून चालत आलेल्या डिरेक्टरीत ग्रुप ‘युनिकमेंबर’वाले असतात. ते नाव सेटिंगमध्ये घातलं नाही तर मेंबरऑफ त्या ग्रुपांना आंधळं. आणि घातलं तरी ते चालू केल्यानंतरच्या बदलांनाच लागू होतं. आधीच्या सभासदांसाठी फिक्सअप नावाचं काम मुद्दाम चालवावं लागतं. ते राहून गेलं की अर्ध्या लोकांना व्हीपीएन मिळतं, अर्ध्यांना नाही, आणि जुन्या लोकांनाच का मिळत नाही हे कोणाला उमगत नाही. तेव्हा चालू करण्याआधी आपल्या यादीत ग्रुपांचे किती प्रकार आहेत हे शोधून काढणं, संबंधित ॲट्रिब्यूटांवर इंडेक्स आहे ना ते पाहणं (नाहीतर प्रत्येक पुसण्यासाठी सर्व्हर सगळी यादी चाळत बसतो), आणि चालू केल्यावर एक खोटा माणूस व एक खोटा ग्रुप तयार करून, माणूस पुसून, ग्रुपमध्ये काय उरलं ते वाचणं, इतकं झाल्याशिवाय ‘ऑन’ या शब्दाला अर्थ नाही. मेंबरयूआयडीचं म्हणाल तर तिथे तुमचा मुद्दा पूर्ण बरोबर. ते ग्रुप डीएनवाल्या ग्रुपांत बदलून घ्यावेत, प्लगइनला दोष देऊन ते सुधारणार नाहीत.

पूर्वपक्ष : हे सगळं एका सर्व्हरवर. तुमच्याकडे चार आहेत, चारही ठिकाणी लिहिता येतं, आणि ते एकमेकांशी रेप्लिकेट होतात. प्लगइनांची सेटिंगं ‘सीएन=कॉन्फिग’ या फांदीखाली असतात, आणि ती फांदी रेप्लिकेट होत नाही. म्हणजे एकीकडे नियम लागू, दुसरीकडे नाही. त्याहून मोठं दुखणं सांगतो. ॲट्रिब्यूट युनिकनेस प्लगइन म्हणतं, एक मेल पत्ता दोघांना मिळणार नाही. पण रेप्लिकेशनमधून आलेल्या बदलाची ते तपासणीच करत नाही. मुंबईच्या सर्व्हरवर आणि पुण्याच्या सर्व्हरवर एकाच क्षणी दोघांना तोच पत्ता दिला तर दोन्ही सर्व्हर आपापल्या परीने बरोबर, आणि काही सेकंदांनी दोन्हीकडे दोन्ही नोंदी हजर. डीएन सारखा असता तर रेप्लिकेशनने निदान तंटा म्हणून नोंद वेगळी काढली असती. डीएन वेगळे आणि मेल एकच, तर हूं की चूं नाही. आणि ओपनएलडॅपकडे पाहा. तिथे प्लगइनऐवजी ओव्हरले म्हणतात, पण काम तेच. त्यांच्या मेंबरऑफ ओव्हरलेबद्दल त्यांच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय की तो त्यांच्या रेप्लिकेशनशी जुळत नाही, रेप्लिकेशन असेल तिथे वापरू नका. २.५ पासून तो कालबाह्य ठरवून त्यांनी डायनलिस्टची शिफारस केली, जो उत्तर साठवून न ठेवता विचारल्यावर काढून देतो. बनवणाऱ्यांनीच हात टेकले, मग तुमचा आग्रह कशासाठी?

उत्तरपक्ष : या मुद्द्यावर मी माझी भूमिका बदलतो, किंवा नेमकी करतो म्हणा. ‘डेटाचे नियम सर्व्हरकडे’ हे सरसकट विधान टिकत नाही. टिकतं ते एवढंच : जो नियम पाळला गेला की नाही हे एकाच सर्व्हरला, त्या क्षणी, त्याच्यापुढे असलेल्या माहितीवरून ठरवता येतं, तोच प्लगइनकडे सोपवावा. पुसलेल्या एंट्रीचे उल्लेख काढणं या कसोटीला उतरतं. उल्लेख त्याच डेटाबेसमध्ये आहेत. मेल पत्ता साऱ्या जगात एकच असणं उतरत नाही, कारण पुण्यात आत्ता काय चाललंय हे मुंबईला ठाऊक नाही. युनिकनेस प्लगइन अशा वेळी निरुपयोगी ठरत नाही, पण त्याचं वचन अपुरं पडतं. ते पुरं करायचं तर नवी खाती उघडण्याचं काम एकाच सर्व्हरकडे वळवावं लागतं, आणि तो निर्णय प्लगइनच्या सेटिंगमध्ये कुठेच लिहिलेला नसतो.

आता हीच अडचण दुसऱ्या एका प्लगइनने कशी सोडवली ते पाहा, कारण माझ्या मते या साऱ्या घराण्यातली सर्वात हुशार रचना ती आहे. युनिक्सच्या प्रत्येक खात्याला एक आकडी यूआयडी लागतो आणि तो दोघांना एकच चालत नाही. डिस्ट्रिब्यूटेड न्यूमरिक असाइनमेंट, बोलण्यात डीएनए, सर्व्हरांना एकमेकांना विचारायला लावत नाही. आकड्यांचे पट्टे आधीच वाटून देतं. प्रत्येक सर्व्हर आपल्या पट्ट्यातला पुढचा आकडा देतो. दुसऱ्याचं काय चाललंय हे कळण्याची त्याला गरजच उरत नाही. जागतिक नियम होता, तो स्थानिक करून टाकला. फ्रीआयपीए हे ३८९ वरच उभं आहे आणि हेच प्लगइन वापरतं : मूळ पट्टा दोन लाख आकड्यांचा, आणि नव्या रेप्लिकाला गरज पडली की तो दुसऱ्याकडून उरलेल्यातला अर्धा मागून घेतो. पण तुम्ही विचारण्याआधीच याची खोच सांगतो. रेप्लिका पट्टा मागतो तो त्याच्यावर पहिलं खातं उघडलं जातं तेव्हा. तोवर तो रिकाम्या हाताने बसलेला असतो. पहिला सर्व्हर जुना झाला म्हणून कोणी त्याला निवृत्त केलं आणि रेप्लिकावर तोवर एकही खातं उघडलेलं नसेल, तर पट्टा त्या जुन्या सर्व्हरसोबत गेला. लॉगइन चालतात, शोध चालतात, सारं आलबेल दिसतं. नवा माणूस रुजू होतो त्या सकाळी मात्र सर्व्हर नवा आकडा देता येत नाही म्हणून नकार देतो.

मेंबरऑफबद्दल ३८९ चा सल्लाही ओपनएलडॅपच्या जवळ जाणारा आहे. मेंबरऑफ ॲट्रिब्यूट रेप्लिकेशनमधून वगळा, आणि प्रत्येक सर्व्हरने आपल्याकडच्या ग्रुपांवरून ते स्वतः काढावं. म्हणजे पुन्हा तेच : जागतिक दिसणारी गोष्ट स्थानिक करणं. याला रेप्लिकेशनबद्दलचा तुमचा आक्षेप आडवा येतो, सेटिंग सगळीकडे सारखी हवी. त्यावर इलाज आहे. मेंबरऑफसारख्या काही प्लगइनांची सेटिंग सामान्य फांदीत एका एंट्रीत ठेवून प्लगइनला तिचा पत्ता देता येतो, आणि ती एंट्री इतर डेटासोबत रेप्लिकेट होते. पण प्लगइन चालू आहे की बंद, ते प्रत्येक सर्व्हरवर वेगळंच पाहावं लागतं. त्याला पर्याय नाही.

पूर्वपक्ष : या कसोटीवर तुमच्या ऑडिटवाल्यांचं लाडकं प्लगइन तपासा बरं. तीन महिने लॉगइन न केलेली खाती बंद करणारं.

उत्तरपक्ष : अकाउंट पॉलिसी. साफ नापास. आणि इथे मी तुमच्यापेक्षा कडक आहे. शेवटचं लॉगइन कधी झालं हे कळायचं तर प्रत्येक लॉगइनला लास्टलॉगइनटाइम लिहावा लागतो. डिरेक्टरीची सारी मांडणी वाचन फार आणि लेखन थोडं या हिशोबावर बेतलेली असते. हे प्लगइन प्रत्येक लॉगइनचं लेखन करून टाकतं, आणि प्रत्येक लेखन इतर सर्व्हरांकडे धाडलं जातं. सकाळी साडेनऊला सारी कचेरी एकदम लॉगइन करते तेव्हा रेप्लिकेशनची काय अवस्था होईल? ते ॲट्रिब्यूट रेप्लिकेशनमधून वगळावं तर पुण्यात रोज लॉगइन करणारा माणूस मुंबईच्या सर्व्हरच्या मते तीन महिने बेपत्ता, आणि त्याचं खातं बंद. मायक्रोसॉफ्टलाही हे कोडं सुटलं नव्हतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ‘लास्टलॉगऑन’ प्रत्येक डोमेन कंट्रोलरपुरतं असतं, रेप्लिकेट होत नाही. विंडोज सर्व्हर २००३ पासून त्यांनी ‘लास्टलॉगऑनटाइमस्टॅम्प’ दिलं, जे रेप्लिकेट होतं. पण मूळ सेटिंगमध्ये ते नऊ ते चौदा दिवसांनी एकदाच बदलतं. तीन महिन्यांच्या नियमाला दोन आठवड्यांची चूक चालते, हा हिशोब त्यामागे आहे आणि तो मला पटतो. अचूकपणा सोडून लेखन वाचवलं. ज्या नियमाला ढिलाई चालते त्यासाठी रोज रात्री ॲक्सेस लॉग वाचणारी एक स्क्रिप्ट पुरते. तिथे तुमचा पक्ष जिंकला असं समजा.

पूर्वपक्ष : मग माझ्या मुक्या डिरेक्टरीत आणि तुमच्या शहाण्या डिरेक्टरीत फरक किती उरला? एक रेफरेन्शियल इंटिग्रिटी, आणि आकड्यांचे पट्टे.

उत्तरपक्ष : आणि पुष्कळदा कोणी न मागता चालू असलेलीही. मराठी माणसाला गंमत वाटेल असं एक सांगतो. एलडॅपच्या तिसऱ्या आवृत्तीत मजकूर यूटीएफ-८ मध्ये जातो, म्हणून एंट्रीत माणसाचं नाव देवनागरीत लिहायला काही अडचण नाही. पण ३८९ मध्ये ‘सेव्हन-बिट चेक’ नावाचं प्लगइन मुळातच चालू असतं, आणि ते यूआयडी व मेल यांत साध्या इंग्रजी अक्षरसंचाबाहेरचं काही येऊ देत नाही. देवनागरीत यूआयडी द्यायचा प्रयत्न करून पाहा, नकार येईल. ज्या जुन्या प्रणाली हे यूआयडी वाचतात त्यांच्यासाठी ते बहुधा योग्यच आहे. पण ही निवड तुमच्या संस्थेत कोणी केली? कोणीच नाही. म्हणून मी म्हणतो की डिरेक्टरी मुकी कधीच नसते. तिच्यात कोणाचे नियम आधीच बसलेले आहेत हे पाहायचं तर डीएसकॉन्फ या आदेशाने प्लगइनांची यादी काढावी, प्रत्येक सर्व्हरवर काढावी, आणि त्या याद्या एकमेकींशी ताडून तुमच्या कोडसारख्याच आवृत्त्यांसह जपून ठेवाव्यात. नियम दिसत नाही हा तुमचा पहिला आक्षेप तेवढ्याने बराचसा मिटतो.

पूर्वपक्ष : आणि प्लगइनच्या नादात सर्व्हर उठलाच नाही तर?

उत्तरपक्ष : सेटिंग डीएसई.एलडिफ या फाइलीत राहते, आणि मागच्या वेळी सर्व्हर नीट सुरू झाला तेव्हाची तिची प्रत ‘स्टार्टओके’ या शेपटासह शेजारीच ठेवलेली असते. ती परत आणता येते. फक्त सर्व्हर चालू असताना त्या फाइलीत हाताने काही लिहू नका; बंद होताना तो आपल्या स्मरणातलं सगळं तिच्यावर उतरवतो आणि तुमचं लिहिलेलं जातं. एखादं प्लगइन नेमकं काय करतंय हे पाहायचं तर एरर लॉगची पातळी ६५५३६ करा, दहा मिनिटं वाचा, आणि आठवणीने परत खाली आणा, नाहीतर डिस्क भरेल.

पूर्वपक्ष : रेफरेन्शियल इंटिग्रिटी चालू करा, मी माझ्या कोडमधून ते काम काढून टाकतो. खाती मुंबईच्याच सर्व्हरवर उघडू. पण मेंबरऑफ मी वापरणार नाही. मोठ्या ग्रुपमध्ये दुसरा ग्रुप घातला की हजारो एंट्र्या बदलतात, आणि तेवढा वेळ बाकीचं लेखन अडून बसतं. माणूस कोणत्या ग्रुपांत आहे हे मी ग्रुपांमध्येच शोधून घेईन, इंडेक्स आहेच.

उत्तरपक्ष : ग्रुपात ग्रुप नसतील तर एका शोधात काम होईल आणि मी काही म्हणणार नाही. असतील तर प्रत्येक पातळीसाठी एक शोध, प्रत्येक लॉगइनला, प्रत्येक ॲप्लिकेशनकडून. वित्त विभागाचे ग्रुप किती पातळ्यांत गुंतलेले आहेत, ते आधी मोजून आणा.